रकाने

आमच्या दुकानातली डाळिंबी रंगाची एक इलकल साडी एकाच वेळी चार मापांची होती. आमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती साडेपाच मीटर, एका मोठ्या ऑनलाइन बाजारात 6.3 मीटर, दुसऱ्या बाजारात 6.2 मीटर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमध्ये नुसतीच ‘सहावारी’. साडी मात्र एकच. कपाटात घडी करून निवांत पडलेली. साडेपाच म्हणजे ब्लाऊजपीस सोडून आणि 6.3 म्हणजे तो धरून, इतपत उलगडा झाला. 6.2 कुठून आलं ते शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही.

हे असं का होतं, ते आधी मला कळत नव्हतं. आमचा पुतण्या दुकानाची ऑनलाइन विक्री बघतो. त्याच्याकडे प्रत्येक बाजारासाठी एक वेगळी एक्सेलची फाइल होती, कारण प्रत्येक बाजार आपापल्या नमुन्यात माहिती मागतो. एकाला लांबी मीटरमध्ये हवी, दुसऱ्याला सेंटिमीटरमध्ये. एक म्हणतो नाव ऐंशी अक्षरांच्या आत बसवा, दुसरा म्हणतो नावातच रंग, कापड, प्रसंग सगळं आलं पाहिजे. शिवाय दुकानातलं बिलाचं सॉफ्टवेअर वेगळं, त्यात किमती आणि शिल्लक. एका साडीची किंमत बदलली की पाच ठिकाणी हात लावायचा. चार ठिकाणी लागायचा, पाचवं राहून जायचं. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल दिवाळी’ अशी वाढत गेली होती आणि त्यातली खरी फायनल कुठली, हे त्या पोरालाही आठवत नव्हतं.

मग त्यानं एक नवं सॉफ्टवेअर आणलं. या प्रकाराला ‘प्रॉडक्ट इन्फर्मेशन मॅनेजमेंट’ म्हणतात, थोडक्यात ‘पिम’. पिमकोर, अकेनिओ अशी त्यातली नावं आहेत. कल्पना साधी आहे. वस्तूची सगळी माहिती, म्हणजे नाव, माप, कापड, रंग, फोटो, धुण्याची सूचना, एकाच ठिकाणी एकदाच भरायची. तिथून ती ज्याला जशी हवी तशा नमुन्यात सगळ्या बाजारांत आपोआप जाते. दुरुस्ती करायची तर मुळात करायची. आपल्याकडे घरोघरी चहाची भांडी वेगळी असली तरी दूध एकाच चरवीतून येतं, तसं.

सॉफ्टवेअर आलं, पण माहिती कोण भरणार? दुकानात माणसं होती तीन. गिऱ्हाईक आलं की तिघंही गादीवर. पुतण्या म्हणाला, “काकू, तुम्हीच भरा की. तुमचं मराठी चांगलं आहे, कन्नडही येतं आणि साड्या तर तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतात.” यातलं तिसरं कारण त्यानं गोड बोलून कामाला लावायला दिलं होतं हे मला ठाऊक होतं, पण ते खोटं नव्हतं. मी बसले.

मला वाटलं होतं ही टंकलेखनाची हमाली आहे. चार दिवसांत लक्षात आलं की रकाना भरायचा म्हणजे आधी त्या साडीला प्रश्न विचारायचा, आणि दुकानातल्या निम्म्या साड्यांना आजवर कुणी तो विचारलेलाच नव्हता.

पूर्वीची पद्धत निराळी होती. मामंजींच्या वेळी प्रत्येक साडीच्या घडीत एक चिठ्ठी असायची. तीवर तीन-चार अक्षरं. व्यापाऱ्यांमध्ये दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला असतो, त्यातलं एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, असं शून्यापर्यंत. त्या अक्षरांत खरेदीची किंमत लिहायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या समोर चिठ्ठी आली तरी त्याला कळू नये. आमच्या दुकानाचा शब्द मी इथं लिहिणार नाही, तो अजून वापरात आहे. त्या चिठ्ठीवर किंमत आणि माल कधी आला एवढंच. बाकी सगळं मामंजींच्या डोक्यात. पदर कशाचा, काठ गोमी की परासपेट की गाडी, धुतल्यावर रंग जाईल का, हे विचारलं की ते साडीला हात लावायचे आणि सांगायचे. हात लावल्याशिवाय मात्र सांगत नसत. आता हात लावायची सोय राहिली नाही. पुण्यातली, बंगळूरची, न्यू जर्सीतली बाई पडद्यावर साडी बघते. तिच्यासाठी हाताच्या जागी रकाना आहे.

पहिलं भांडण रंगावरून झालं. बाजारांनी रंगांची एक ठरीव यादी दिलेली असते, तीतूनच निवडायचा. लाल, मरून, गुलाबी, हिरवा, निळा, आणि कशातच न बसलं तर ‘मल्टिकलर’. आता आमच्याकडे सासूबाईंच्या तोंडी असलेले रंग असे: डाळिंबी, कुंकवी, गुलबक्षी, अंजिरी, वांगी, मोरपंखी, राघू, श्रीफळी, लसणी, चिंतामणी. काळी साडी नुसती काळी नसते, ती चंद्रकळा असते. इलकलच्या नवरीच्या साडीचा एक लाल आहे, त्याला ‘गिरीकुंकुम’ म्हणतात. गिरीकुंकुम, डाळिंबी आणि कुंकवी हे तिन्ही रंग यादीतल्या ‘लाल’मध्ये कोंबले तर ज्या आईला लेकीच्या लग्नासाठी गिरीकुंकुमच हवा आहे तिला आम्ही काय दाखवणार? आणि फोटोवर कुणी विसंबू नये. फोटोत डाळिंबीचं मरून होतं आणि लसणीचं पांढरं.

पुतण्यानं यावर तोडगा काढला तो मला पटला. मुळात रंगाचे दोन रकाने केले. एक ‘आमचा रंग’, एक ‘बाजाराचा रंग’. आमच्या रकान्यात डाळिंबी. बाजाराला जाताना त्याचं लाल होतं, आणि वर्णनात पुन्हा डाळिंबी येतं. कन्नड पानासाठी शब्द वेगळा, मराठी पानासाठी वेगळा, साडी तीच. सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे घरी लाडाचं नाव आणि शाळेत पटावरचं नाव.” इतकं नेमकं त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं नाही.

त्यांच्याकडून मी त्या आठवड्यात सत्तेचाळीस रंग लिहून घेतले. एक सांगते, रंग सांगताना त्या साडीचा रंग सांगत नसत. कुणाच्या तरी अंगावरची साडी सांगायच्या. “चिंतामणी म्हणजे बघ, तुझ्या थोरल्या नणंदेच्या डोहाळजेवणातली.” सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नाही, ठेवायचं कारणही नाही.

रंगाचं भांडण गमतीचं होतं. कापडाचं तसं नव्हतं.

इलकल साडीची गंमत अशी की ती तीन तुकड्यांची असते असं म्हटलं तरी चालेल. अंग सुती, काठ वेगळा, आणि पदराचा ताणा वेगळा लावून तो अंगाच्या ताण्याला एकेका धाग्याची फासात फास अडकवून जोडतात. या जोडणीला ‘टोपे तेणी’ म्हणतात. जुन्या साडीत काठ-पदर रेशमाचे असत. आता बहुतेक वेळा आर्ट सिल्कचे असतात. आर्ट सिल्क या नावात ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे, ‘आर्टिफिशियल’. लाकडाच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस रेयॉनचा धागा. दिसायला चकचकीत, किमतीला परवडणारा, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण बाजारात बोलताना ‘आर्ट’ गळून पडतं आणि ‘सिल्क’ तेवढं शिल्लक राहतं. आमच्या शहापूर-वडगावच्या यंत्रमागांवरच्या साड्यांचंही तेच.

दुकानात यानं काही बिघडत नसे. गिऱ्हाईक विचारतं, “सिल्क आहे का हो?” आमचे हे म्हणतात, “आर्ट सिल्क आहे ताई, असली घ्यायचं तर ही बघा, तिप्पट पडेल.” संपलं. शब्द ढिला असला तरी बोलण्यात तो घट्ट होतो. पडद्यावर बोलणं नसतं. तिथं रकान्यात जे आहे तेच.

आणि त्या रकान्यांत काय होतं? बऱ्याच साड्यांवर ‘सिल्क ब्लेंड’. काहींवर ‘सिल्क’. एका पूर्ण आर्ट सिल्कच्या साडीवर तर ‘प्युअर सिल्क फील’. तीच साडी बिलात बघा. कराच्या वर्गवारीत रेशमी कापडाचा एचएसएन 5007 आणि व्हिस्कोससारख्या धाग्याच्या कापडाचा 5408. बिलावर आमचा 5408 बरोबर छापलेला. म्हणजे सरकारला खरं सांगायचं आणि गिऱ्हाइकाला फील द्यायचं.

उलटंही घडलं होतं. ते मला माहिती भरायला बसल्यावर कळलं, आणि कळलं ते फोनवर. सोलापूरकडच्या एक बाई. आमच्याच समाजातल्या, वयानं माझ्याहून मोठ्या. त्यांना रेशीम न वापरण्याचा नियम होता. कोसल्यातला किडा वाफेनं किंवा गरम हवेनं मारून मगच सलग धागा उकलतात, म्हणून आपल्याकडे पुष्कळ बायका तो नियम घेतात. पूजेला सुतीच नेसतात. (पतंग बाहेर पडू देऊन मग कोसल्यातून सूत कातायची पद्धत हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी लोकांपुढे आणली, तिला अहिंसा सिल्क म्हणतात, पण ते प्रत्येकाच्या मनाला पटतं असं नाही, आणि बाजारात मिळतं थोडं.) तर त्या बाईंनी आमच्या एका साडीवर ‘कॉटन’ वाचून ती मागवली. अंग सुतीच होतं. पदर मात्र खरा रेशमाचा. जुन्या पद्धतीच्या थोड्याच साड्या आल्या होत्या, त्यांतली ती एक. फाइलमध्ये वरच्या ओळीची नक्कल खालच्या ओळीत ओढली गेली होती, म्हणून ‘कॉटन’. ती साडी नेसून त्या तीनदा मंदिरात जाऊन आल्या. मग सुटलेला एक धागा दिव्यावर धरला तर केस जळल्याचा वास आला.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, “माताजींना सांगितलं, एक उपवास केला. पैसे परत नकोत. तेवढं लिहिलेलं दुरुस्त करा.”

फोन ठेवला आणि मी संध्याकाळी हा विषय घरात काढला. माझं म्हणणं सोपं होतं: प्रत्येक साडीला कापडाचे तीन रकाने. अंग, काठ, पदर. आणि तिन्हींत जे आहे तेच. आर्ट सिल्क तर आर्ट सिल्क, रेशीम तर रेशीम.

आमचे हे म्हणाले, “सगळा बाजार सिल्क लिहितो. आपण एकट्यानं व्हिस्कोस लिहिलं तर आपण शोधात दिसणारच नाही.” हे काही बहाणेबाजीचं बोलणं नव्हतं. लोक ‘सिल्क साडी’ असंच टाइप करून शोधतात, आणि ज्याच्या नावात तो शब्द नाही तो मागच्या पानावर जातो. धाकट्या भाऊजींनी हिशेब मांडला. दुकानाचा खर्च, दोन पोरांचे पगार, सणाच्या आधी भरलेला माल. पुतण्या गप्प होता, कारण तो शब्द घालायला त्यानंच सुरुवात केली होती आणि त्यानं विक्री वाढलीही होती.

मला त्या वेळी दशलक्षण पर्व आठवलं. दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय होतो. सातव्या दिवशी व्रतं आणि त्यांचे अतिचार. अचौर्याच्या पाच अतिचारांत उमास्वामींनी दोन अगदी दुकानदारांसाठी ठेवले आहेत: हीनाधिकमानोन्मान, म्हणजे माप कमी-जास्त धरणं, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे एकासारखं दिसणारं दुसरं खपवणं. ते खोटेपणाच्या यादीत नाहीत, चोरीच्या यादीत आहेत, याकडे लहानपणी माझं लक्ष गेलं नव्हतं. मी ते मोठ्यानं बोलून दाखवलं. आमचे हे म्हणाले, “सूत्र मला नको शिकवू, मीही पाठशाळेत होतो.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “सहा-तीनचं माप तरी आधी नीट कर.” याचा अर्थ काय घ्यायचा ते तीस वर्षांच्या संसारानंतर मला कळतं.

पुढं जे झालं त्यात माझ्या बोलण्यापेक्षा त्या सॉफ्टवेअरचा हात मोठा होता, हे मान्य करायला हवं. पूर्वी चूक एका फाइलमध्ये असायची. आता मुळात जे लिहाल ते एकाच बटणानं सगळीकडे जाणार. म्हणजे ‘सिल्क’ लिहिलं की पाच ठिकाणी सिल्क, बिलाशेजारीसुद्धा. त्यात पुतण्यानं एचएसएनचा रकाना कापडाच्या रकान्याला बांधून टाकला. 5408 असेल तर ‘सिल्क’ हा पर्याय यादीत उमटतच नाही. ही युक्ती त्यानं कुणाला न विचारता केली आणि आठवडाभर सांगितलीही नाही.

विक्री पहिले दोन महिने खाली आली. किती, ते मी सांगत नाही, पण दुपारच्या चहाला घरात बोलणं कमी झालं होतं. परत येणारी पार्सलंही कमी झाली, आणि येण्या-जाण्याचा खर्च दुकानाच्याच अंगावर पडत असल्यामुळे भाऊजींना ते आधी दिसलं. दोन्हींची वजाबाकी अजून चालू आहे. फायदाच झाला असं मी म्हणणार नाही. खऱ्या रेशमाच्या ज्या थोड्या साड्या आहेत, त्यांना सिल्क मार्कचं लेबल लावून घ्यायचं ठरलं; केंद्रीय रेशीम मंडळानं 2004 साली सुरू केलेलं ते लेबल, होलोग्रामचं. आजूबाजूला सगळंच सिल्क असताना आपलं सिल्क सिल्क आहे हे सांगायला आता चिकटपट्टी लागते.

सॉफ्टवेअर शिकवायला जो मुलगा आला होता तो सारखं म्हणत होता, “मॅडम, हा तुमचा सिंगल सोर्स ऑफ ट्रूथ.” सत्याचा एकच उगम! अनेकान्त मानणाऱ्या घरात येऊन हे सांगायचं म्हणजे धाडसच. मी त्याला म्हटलं, “बाळ, आमच्याकडे वस्तू एक आणि तिच्याकडे बघायच्या बाजू अनेक.” तो म्हणाला, “तेच की मॅडम, त्याला चॅनल म्हणतात.” मला हसू आलं, पण पोरगा चुकला नव्हता. कुठल्या बाजूनं बोलतो आहोत ते सांगून बोलायचं, एवढंच स्याद्वादही म्हणतो. साडेपाच मीटर खरं, 6.3ही खरं, ‘ब्लाऊजपीस सोडून’ आणि ‘धरून’ हे दोन शब्द तेवढे हवेत. सिल्कचं मात्र तसं नाही. ते कुठल्याच बाजूनं सिल्क नव्हतं.

आता मी रोज दुपारी दोन तास भरते. प्रत्येक साडीपुढं ती किती टक्के पूर्ण झाली ते दिसतं. सगळे आवश्यक रकाने भरले की हिरवी, नाहीतर लाल. लाल साडी बाहेर जात नाही. हा नियम पुतण्याचा. त्यात ‘पदर’ हा रकाना आवश्यक करायचा हा माझा. लांबी मी पट्टी लावून मोजते, पुरवठादाराच्या चिठ्ठीवरून घेत नाही. ‘विणकर’ असाही एक रकाना मी मागून घेतला. तो आवश्यक नाही, आणि यंत्रमागाच्या मालाला तो रिकामाच राहतो. इलकलहून गाठोडं घेऊन येणारे एक म्हातारे आहेत, त्यांच्या साड्यांवर मात्र त्यांचं नाव आहे. त्यांना ते पडद्यावर दाखवलं तेव्हा त्यांनी नावाकडे बघितलं नाही. आधी पदराचा रकाना वाचायला लावला. कन्नडमध्ये वाचून दाखवला. “बरोबर,” म्हणाले, आणि भाव पन्नास रुपयांनी वाढवून मागितला.

आज सकाळी एकशे बारा साड्या लाल आहेत. बाकी सगळं भरलंय, पदर तेवढा कुणाला सांगता येत नाही. पुरवठादार म्हणतो सिल्क, बिल म्हणतं वेगळंच. दुकान बंद असतं त्या दिवशी मी आणि पुतण्या बसणार आहोत, प्रत्येकीच्या पदराच्या गोंड्यातला एकेक धागा काढायचा आणि समईवर धरायचा. कागदासारखा जळला तर व्हिस्कोस. केसाचा वास आला तर रेशीम, आणि राख बोटांत चुरडते. समई सासूबाई घासून ठेवणार म्हणाल्यात.